मुंबई पोलीस दलाचं स्थापनेचं साल नक्की कोणतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की पणजोबा १९१० च्या आसपास रत्नागिरीकडून येऊन मुंबई पोलिसात शिपाई झाले, घरच्यांसाठी तुम्ही एक छोटी पुस्तिका काढताय, त्यात दलाच्या इतिहासावर दोन परिच्छेद हवेत, आणि स्थापनेचं साल शोधायला गेलात तर कुठे १६६१, कुठे १६७२, कुठे १७७९, कुठे १८५६, कुठे १८६४ आणि एका ठिकाणी तर १९६१ सापडलं. यातलं खरं कोणतं ते हवंय.

मी गेली बावीस वर्षं जुन्या मुंबईच्या सरकारी दप्तरांवर काम करते, जास्त करून न्यायखातं आणि पोलीस. हा प्रश्न मला दर दोनतीन महिन्यांनी कोणीतरी विचारतं आणि मी सगळ्यांना आधी हेच सांगते की ही सालं एकमेकांच्या विरोधात नाहीयेत. एक १६६१ सोडलं तर प्रत्येक साली पोलिसांच्या बाबतीत खरंच काहीतरी घडलंय, फक्त प्रत्येक वेळी सुरू झालेली गोष्ट वेगळी आहे. तुमची खरी अडचण सालाची नाहीच. तुमचे पणजोबा ज्या दलात होते ते दल कधी आणि कसं तयार झालं, हा तुमचा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर बऱ्यापैकी नेमकं देता येतं.

जुना कागद हातात आला की मी तीन गोष्टी बघते. या माणसाला पगार कोण देत होतं, याला हुकूम कोण देत होतं, आणि याने पकडलेल्या माणसाला शिक्षा कोण देत होतं. 'पोलीस' हा शब्द कागदावर आहे की नाही याला मी फार महत्त्व देत नाही, कारण शब्द आधी येतो आणि काम मागाहून बदलतं, कधीकधी उलटंही होतं. या तीन प्रश्नांची उत्तरं ज्या वर्षी बदलली ते वर्ष महत्त्वाचं. आता याच क्रमाने बघू.

१६६१ पहिलं बाजूला काढा. त्या वर्षी इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स आणि पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन यांच्या लग्नाचा तह झाला आणि त्यात मुंबई बेट आंदण म्हणून लिहून दिलं गेलं. बेट प्रत्यक्ष ताब्यात मिळालं १६६५ च्या फेब्रुवारीत, आणि राजाने ते ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला १० पौंड भाड्याने दिलं १६६८ ला. पोर्तुगीजांनी १६६१ ला एक पोलीस चौकी उभारली असं एक वाक्य सगळीकडे फिरतंय, एकाने लिहिलं की दुसरा उचलतो, पण मी माझ्या कोणत्याही लिखाणात ते घेत नाही आणि तुम्हीही घेऊ नका.

पुढे जेराल्ड ऑन्जिअर, १६६९ ते १६७७ मुंबईचे गव्हर्नर. त्यांनी बेटावर एक मिलिशिया, म्हणजे रहिवाशांची पहाऱ्याची फौज, उभी केली, पाच-सहाशे माणसांची, त्यात मुख्यतः भंडारी, त्यांच्यावर सुभेदार, आणि ठाणी माहीम, शिवडी, सायन अशी. नकाशात ही तीन नावं शोधा, तिन्ही बेटाच्या कडेला आहेत, खाडीकडे तोंड करून. म्हणजे हे लोक शहरात गस्त घालणारे पोलीस कमी आणि कडेने येणाऱ्या धोक्यावर नजर ठेवणारे पहारेकरी जास्त. धोकाही खराच होता, १६८९ ला जंजिऱ्याचा सिद्दी याकूतखान शिवडीला उतरला आणि माझगाव, माहीम सगळं घेऊन बसला. भंडाऱ्यांचा हा मान पुढेही बरीच वर्षं टिकला, शेरीफच्या, म्हणजे शहरातल्या मानाच्या न्यायालयीन अधिकाऱ्याच्या पुढे निशाण धरायचं आणि भोंगळी (लांब पितळी तुतारी) वाजवायची हा त्यांचा हक्क होता.

मग १६७२ कुठून आलं? त्या वर्षी ऑगस्टमध्ये बेटावर इंग्रजी कायद्याचं पहिलं न्यायालय सुरू झालं, न्यायाधीश जॉर्ज विल्कॉक्स. म्हणजे पकडलेल्या माणसाला कुणासमोर तरी उभं करायची सोय झाली. माझ्या तीन प्रश्नांपैकी तिसरा इथे पहिल्यांदा लागू होतो, म्हणून १६७२ मला १६६९ पेक्षा जवळचं वाटतं. एस. एम. एडवर्ड्स नावाचे कमिशनर होऊन गेले, १९०९ ते १९१६, त्यांनी निवृत्तीनंतर शहर पोलिसांचा जो इतिहास लिहिला (१९२३ ला छापला) तो १६७२ पासूनच सुरू केलाय आणि ते साल मुख्यतः तिथूनच सगळीकडे गेलं. एडवर्ड्सकडे मी परत येणार आहे कारण ते तुमच्या पणजोबांचे साहेब होते!

शंभरेक वर्षं फार काही बदललं नाही, ती मी सोडते.

१७७९ मात्र महत्त्वाचं आहे. त्या वर्षी जेम्स टॉड नावाच्या माणसाला 'लेफ्टनंट ऑफ पोलीस' नेमलं, आणि शहराच्या बंदोबस्ताची जबाबदारी असलेल्या एका माणसाच्या हुद्द्यात 'पोलीस' हा शब्द आला. लगेच वादही झाला. तिथल्या ग्रँड ज्युरीने, म्हणजे कोर्टाच्या कामासाठी नेमलेल्या नागरिकांच्या पंचांनी, हरकत घेतली की असलं पद इंग्रजी कायद्यात बसत नाही आणि एका माणसाच्या हाती एवढे अधिकार देणं धोक्याचं आहे. पुढच्याच वर्षी, १७८० ला, पदाचं नाव बदलून 'डेप्युटी ऑफ पोलीस' केलं आणि टॉडनाच त्यावर बसवलं. दहा वर्षांनी, १७९० ला, त्यांच्यावर लाचखोरीचा खटला झाला आणि ते गेले. १७९३ ला पार्लमेंटच्या कायद्याने ते पदच रद्द होऊन 'सुपरिटेंडेंट ऑफ पोलीस' आलं आणि सायमन हॅलिडे १८०८ पर्यंत राहिले. त्यांच्या काळात कोटाबाहेरचा डोंगरी आणि त्यापलीकडचा माडांच्या वाड्यांचा भाग १४ विभागांत वाटला, प्रत्येक विभागाला दोन कॉन्स्टेबल आणि थोडे शिपाई, सगळे मिळून १३० च्या वर नाहीत. आज आपण 'हद्द' म्हणतो ना, की ही गोष्ट आमच्या हद्दीत येते आणि ती नाही, त्या कल्पनेची पहिली स्पष्ट खूण मला या १४ विभागांत दिसते.

पण इथे थांबून तिसरा प्रश्न विचारा, शिक्षा कोण देत होतं? तर मॅजिस्ट्रेट म्हणून तोच सुपरिटेंडेंट. पकडायचं त्याने, ऐकून घ्यायचं त्याने, फटके किंवा सक्तमजुरी किंवा बेटाबाहेर हाकलून देण्याचा हुकूम काढायचा त्यानेच. सर जेम्स मॅकिंटॉश १८०४ ते १८११ मुंबईचे रेकॉर्डर, म्हणजे मुख्य न्यायाधीश होते, त्यांनी याला जोरदार विरोध केला की कोर्टाशिवाय माणसांना अशा शिक्षा देणं बेकायदा आहे. त्यातच हॅलिडेंच्या जागी आलेल्या सुपरिटेंडेंटवरही १८१० ला लाचेचा खटला झाला, मग १८१२ ला नवा नियम होऊन मॅजिस्ट्रेट वेगळे नेमले. हे सगळं मी मुद्दाम सांगतेय कारण बहुतेक लोक स्थापनेचं साल म्हणून एखादी नेमणूक पकडतात आणि ही तीस वर्षांची भांडणं वगळतात. मला विचाराल तर दलाचा खरा इतिहास या भांडणातच आहे. पोलिसाने काय करू नये हे ठरेपर्यंत पोलीस म्हणजे काय ते ठरत नाही.

त्या काळात पोलीस आणखी किती कामं करत होते ते बघायचं असेल तर १८३२ चं कुत्र्यांचं प्रकरण बघा. शहरात भटकी कुत्री फार झाली, सरकारने मारायचा हुकूम काढला, मारलेल्या कुत्र्यामागे बक्षीस ठेवलं आणि काम पोलिसांच्या शिपायांवर सोपवलं. बक्षिसाच्या लोभाने शिपाई घराच्या दारातली, पाळलेली कुत्रीही उचलायला लागले. पारशी समाजात कुत्र्याला धार्मिक महत्त्व आहे, जूनच्या ६ तारखेला त्यांच्या एका सणाच्या दिवशीच हे झालं आणि फोर्टमध्ये जमाव शिपायांवर धावून गेला, दुसऱ्या दिवशी बाजार बंद, गोऱ्या सैनिकांचा शिधा बंद, शेवटी लष्कर आणावं लागलं. आज ज्याला आपण महापालिकेचं काम म्हणू ते तेव्हा पोलिसांच्या गळ्यात होतं, आणि मोबदला पगारातून नाही तर नगावर. पहिला प्रश्न, पगार कोण देतं आणि कशाबद्दल देतं, तो किती कामाचा आहे ते इथे कळतं.

आता १८५६ आणि १८६४, तुमच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं. १८५६ चा १३ वा कायदा कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तीन शहरांच्या पोलिसांसाठी झाला आणि त्याने 'कमिशनर ऑफ पोलीस' हे पद कायद्यात आणलं. बरेच जण इथे १८६१ लिहितात कारण १८६१ चा पोलीस कायदा शाळेपासून ऐकलेला असतो. तो कायदा या शहरांसाठी नव्हताच, आणि मुंबई इलाख्यातल्या जिल्ह्यांसाठीही पुढे वेगळे कायदे झाले, १८६७ चा आणि मग १८९० चा. ही चूक मी छापील पुस्तकांतही बघितली आहे, तेव्हा सांभाळा.

त्या वेळी शहर प्रत्यक्ष सांभाळत होते चार्ल्स फोर्जेट, १८५५ पासून. भारतातच वाढलेले, मराठी, गुजराती, हिंदुस्तानी सहज बोलणारे, वेषांतर करून बाजारात फिरायचे असं म्हणतात. १८५७ ला मुंबईतल्या शिपायांच्या गुप्त बैठका सोनापूरजवळच्या गंगाप्रसाद नावाच्या माणसाच्या घरी चालतात हे त्यांनी हुडकून काढलं, आणि १५ ऑक्टोबर १८५७ ला सय्यद हुसेन आणि मंगल गाडिया या दोघांना एस्प्लनेडवर, आजच्या आझाद मैदानाच्या बाजूला, तोफेच्या तोंडी दिलं. फोर्जेटचं नाव ताडदेवच्या रस्त्याला आजही आहे. त्यांच्या वेषांतराच्या गोष्टी लिहिताना एक लक्षात ठेवा, त्यातल्या मोठ्या भागाचा उगम त्यांनी स्वतः वीस वर्षांनी लिहिलेल्या हकिकतीत आहे. म्हणून मी त्या लिहिताना 'फोर्जेट यांनी लिहिलंय की' असं म्हणते. त्या दोन शिपायांची बाजू मात्र त्यांना लिहायला मिळालीच नाही, हेही वाचणाऱ्याला कळायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

१८६४ ला फ्रँक सूटर कमिशनर झाले आणि १८८८ पर्यंत, तब्बल २४ वर्षं राहिले. कमिशनरांच्या यादीत पहिलं नाव त्यांचं असतं, म्हणून १८६४. ते आधी नगर जिल्ह्यात पोलीस सुपरिटेंडेंट होते. १८५७ च्या ऑक्टोबरात नांदूर शिंगोट्याला भागोजी नाईक आणि त्याच्या भिल्लांशी झालेल्या चकमकीत आधीचा सुपरिटेंडेंट मारला गेला, त्याच्या जागी सूटर आले आणि १८५९ च्या नोव्हेंबरात मिठसागरला भागोजी त्यांच्याशी लढताना पडला. हा भागोजी नाईक स्वतः पूर्वी नगरच्या पोलिसात होता. एकाच खात्यातला एक माणूस बंडखोर म्हणून मेला आणि दुसरा मुंबईचा कमिशनर झाला, ही गोष्ट मी कधी विसरू शकले नाही.

सूटर आले तेव्हा मुंबई फुगलेली होती. अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाचा पैसा आला होता, १८६४ च्या मोजणीत शहराची वस्ती ८ लाखांच्या वर गेली होती, वर्षभरात शेअरबाजार कोसळला आणि १८७२ ला वस्ती साडेसहा लाखांच्या आसपास उतरली. एवढ्या उलथापालथीत दलाला कायमचा आकार आला, म्हणजे कायम पगार, हुद्द्यांची उतरंड, गणवेश, वेगळा तपास विभाग. तपासाची मजल कुठपर्यंत गेली होती ते १८७५ च्या बडोद्याच्या प्रकरणात दिसतं, बडोद्याचे राजे मल्हारराव गायकवाड यांच्यावर तिथले रेसिडेंट, म्हणजे इंग्रज सरकारचे प्रतिनिधी, कर्नल फेअर यांना विष दिल्याचा आरोप झाला तेव्हा तपासाला मुंबईहून सूटर गेले आणि बरोबर त्यांचे अकबर अली, अब्दुल अली हे अधिकारी. म्हणजे प्रत्यक्ष तपास भारतीय अधिकारी करत होते आणि सही गोऱ्या साहेबाची, हे तेव्हापासून चालू आहे ते १५ ऑगस्ट १९४७ ला जे. एस. भरुचा पहिले भारतीय कमिशनर होईपर्यंत.

म्हणून मला एकच साल द्यायला सांगितलंत तर तुमच्या पुस्तिकेसाठी मी १८५६-६४ देईन. तिन्ही प्रश्नांची उत्तरं तिथे स्थिर होतात, पगार सरकारी, हुकूम कमिशनरचा, शिक्षा कोर्टाची. पण पोलीस संग्रहालयाचा फलक लिहायचा असता तर मी १६७२ पासून सुरू केलं असतं, आणि हुद्द्यांचा इतिहास लिहायचा असता तर १७७९ पासून. कशासाठी लिहिताय त्यावर आहे.

राहिलं १९६१. ते महाराष्ट्र पोलिसांचं आहे, मुंबईचं नाही. २ जानेवारी १९६१ ला पंडित नेहरूंच्या हस्ते राज्य पोलीस दलाला ध्वज दिला गेला, म्हणून दरवर्षी २ जानेवारीला स्थापना दिवस असतो.

आता पणजोबांकडे येऊ, कारण माझ्या मते तुमचे दोन परिच्छेद त्यांच्याच काळावर असायला पाहिजेत.

पहिली गोष्ट, ते खरंच शहर पोलिसात होते का ते तपासा. १९१० ला 'मुंबई पोलीस' म्हटलं की दोन अर्थ होत होते. एक शहराचं दल, ज्याची हद्द माहीम-सायनला संपायची आणि ज्याला १९०२ चा शहर पोलीस कायदा लागू होता. दुसरं मुंबई इलाख्याचं जिल्हा पोलीस, आणि इलाखा म्हणजे सिंधपासून कारवारपर्यंत. वांद्रे, कुर्ला, अंधेरी ही तेव्हा ठाणे जिल्ह्यात, मुंबई उपनगर जिल्हा झाला १९२० ला. माझ्याकडे एक कुटुंब आलं होतं, आजोबा मुंबई पोलिसात असं घरी सगळे सांगायचे, मी आठ दिवस शहर पोलिसांच्या व्हॉल्यूममध्ये घालवले आणि काही मिळेना, शेवटी त्यांच्या आत्याने सहज सांगितलं की ड्युटी कुर्ल्याला होती. मग ठाणे जिल्ह्याच्या कागदांत अर्ध्या दिवसात नाव सापडलं. तेव्हापासून मी पहिला प्रश्न ठिकाणाचा विचारते. दोन्हींचे कायदे एकत्र झाले ते थेट १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्याने, त्यालाच आता महाराष्ट्र पोलीस कायदा म्हणतात.

समजा शहरातच होते. मग ते अशा दलात आले जे नुकतंच हादरलं होतं. १८९३ च्या ऑगस्टमधल्या दंगलीत पोलीस अपुरे पडले होते, लष्कर बोलवावं लागलं होतं. तीन वर्षांनी प्लेग आला. क्रॉफर्ड मार्केटसमोरची मुख्यालयाची दगडी इमारत त्याच १८९६ च्या साली वापरात आली. मग १९०८ चा जुलै, लोकमान्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला, गोळीबार झाला, माणसं मेली. इथे जरा थांबून विचार करा की गिरणीत कोण होते आणि पोलिसात कोण होते. दोन्हीकडे मोठा भरणा रत्नागिरीचा. एकाच गावचे, कधी एकाच घरातले, एक भाऊ गिरणीत साच्यावर (मागावर) आणि एक हातात दंडुका घेऊन गिरणीच्या गेटवर. हे कुठल्या सरकारी अहवालात लिहिलेलं नसतं पण तुमच्या घरी कदाचित कोणी सांगितलं असेल. असेल तर ते पुस्तिकेत घ्याच, कुठल्याही सालापेक्षा ते मोलाचं आहे.

१९०८ नंतर सरकारने शहर पोलिसांची नव्याने बांधणी करायचं ठरवलं आणि त्यासाठी १९०९ ला एडवर्ड्सना आणलं. ते पोलीस खात्यातले नव्हते, आयसीएस, म्हणजे मुलकी सेवेतले. गुन्हे शाखा त्याच सुमाराला उभी राहिली. मोहरमच्या टोळ्यांच्या मिरवणुकांवर दरवर्षी मारामाऱ्या व्हायच्या, १९१२ ला त्यांनी मिरवणुकांचे नियमच बदलले. त्याआधी २ डिसेंबर १९११ ला राजा पंचम जॉर्ज अपोलो बंदरावर उतरला, त्या दिवशी शहरातला झाडून सगळा शिपाई बंदोबस्ताला उभा असणार. तुमचे पणजोबा १९१० चे असतील तर बहुतेक तेही. निळा डगला, डोक्याला पिवळं, आणि पहाटेपासून उभं राहणं. घरात एखादं जुनं पदक असेल तर त्यावर १९११ आहे का बघा.

एडवर्ड्सचं लिखाण मी शेकड्याने वेळा उघडलंय आणि त्याशिवाय माझं काम झालं नसतं. पण ते कमिशनरच्या खुर्चीतून लिहिलेलं आहे. कोणता साहेब आला, कोणता गेला, कुठली दंगल कशी आवरली. शिपाई त्यात संख्येने येतो, नावाने फार क्वचित. त्याची खोली केवढी होती, गावाला मनीऑर्डर किती जायची, सुट्टी नाकारली तर काय करायचा, याला तिथे जागा नाही. आणि हे फक्त इंग्रजांचंच नाही. १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग, शिवडी इथे बीडीडी चाळी उभ्या राहिल्या, पुढे पोलिसांची कित्येक कुटुंबं तिथल्या एका खोलीत तीन-तीन पिढ्या राहिली, आणि त्यांचा सलग इतिहास कोणी लिहिलेला मी अजून बघितला नाही. १८ ऑगस्ट १९८२ ला मुंबईच्या शिपायांनी बंड केलं, लष्कर आणि सीमा सुरक्षा दल रस्त्यावर आलं, संघटनेची मान्यता गेली, माणसं बडतर्फ झाली. त्यामागची कारणं वाचली, घर, ड्युटीचे तास, साहेबांच्या घरची कामं, तर १९१० च्या शिपायाची तक्रार वाचतोय असंच वाटतं. म्हणून मी तुम्हाला कळकळीने सांगते, साहेबांच्या नावांवर जागा घालवू नका.

मी असते तर पहिला परिच्छेद साधारण असा लिहिला असता: 'मुंबई बेटावर सतराव्या शतकात भंडाऱ्यांची मिलिशिया पहारा देत असे. १७७९ मध्ये पोलीस हा शब्द हुद्द्यात आला, १८५६ च्या कायद्याने कमिशनरचं पद निर्माण झालं आणि १८६४ पासून फ्रँक सूटर यांच्या हाताखाली आजच्या ओळखीचं शहर पोलीस दल उभं राहिलं. पणजोबा भरती झाले तेव्हा या दलाला १९०२ चा कायदा लागू होता आणि १९०८ च्या संपानंतर त्याची नव्याने बांधणी चालू होती.' एवढं पुरे. दुसरा परिच्छेद पूर्ण त्यांचा, कुठल्या चौकीला, कुठल्या चाळीत, कोणाबरोबर.

कागद शोधायचे असतील तर महाराष्ट्र शासनाचं पुराभिलेख संचालनालय, काळाघोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत. ओळखपत्र आणि कामाचं स्वरूप सांगणारं पत्र घेऊन जा. तिथे ज्युडिशियल डिपार्टमेंटचे व्हॉल्यूम मागा, पण आधी त्या वर्षाची सूची बघा, थेट व्हॉल्यूम मागवलात तर दिवस फुकट जातो. माझ्या अनुभवात शिपायाचं नाव सापडतं ते चार कारणांनी: बक्षीस, शिक्षा, जखम किंवा मृत्यू, आणि पेन्शनचा अर्ज. यातली पेन्शनची वाट सगळ्यात चांगली, कारण अर्जात गाव, तालुका, नोकरीची वर्षं सगळं असतं, आणि विधवेचा अर्ज असेल तर घराची हकिकतही येते. म्हणून ते कधी निवृत्त झाले किंवा कधी वारले ते घरात विचारून घ्या आणि त्या साली आधी शोधा, भरतीच्या सालात नाही. शहराचं १९०९-१० चं तीन भागांतलं गॅझेटियर शासनाने ऑनलाईन ठेवलंय, ते घरबसल्या वाचता येईल.

आणि जाण्याआधी गावच्या घरातली ट्रंक उघडा. पट्ट्याचं पितळी बक्कल किंवा बिल्ला मिळाला तर घासून चकचकीत करू नका, कोरडं फडकं फिरवा फक्त, कारण झिजलेली अक्षरं पॉलिशने कायमची जातात. त्यावर सिटी आहे की जिल्ह्याचं नाव आहे ते बघा, नंबर आणि नंबराआधी एखादं अक्षर असेल तर तेही लिहून घ्या. दोन्ही बाजूंचे फोटो, पणजोबांचं पूर्ण नाव जसं गावच्या कागदावर आहे तसं, आणि मृत्यूचं अंदाजे साल एवढं पाठवलंत तर कुठल्या वर्षाच्या सूचीपासून सुरुवात करायची ते मी सांगू शकेन.